आखूड गाडी

उंब्रजच्या मोटारथांब्यावर तान्ह्याला थोपटत बसलेल्या अनसूयेच्या कानावर शेजारच्या दुकानातल्या सुताराचं नि रजेवर आलेल्या फौजी ड्रायव्हरचं बोलणं पडत होतं. फौजीच्या मुलीला खेळायला घडवत असलेल्या लाकडी ट्रकवरून दोघांची जुंपली होती.

"मामा, चाकांत अंतर लय झालं. आमची गाडी आखूड व्हती."

"आन् तिचं नाक रं?"

"नाक न्हाईच. इंजन डायवरच्या बुडाखाली."

"भाजत न्हाई?"

"भाजतं की. चार बोटं कापा. बा चार वर्सं काय चालवत व्हता, ते पोरीला हुबेहूब दिसाय पायजे. अजून जवळ येत न्हाई ती."

"कापतो. पर मग ती बसंल कुठं?"

"बसणार हाय व्हय?"

"सकाळीच बसून माप दिऊन गेली. म्हनली, म्होरं बा, मागं मी."

सुतारानं करवत लाकडाला टेकवली.

"कापू का?"

"नगं. तिची आय मावंल का एवढ्यात?"