कुलपाचं अपडेट

नाही, तो स्क्रू खाली ठेवू नका, घरंगळेल — द्या इकडे, मी धरते, हातात काहीतरी असलं की बरं वाटतं. तुम्ही करा तुमचं, पियुष. मी बोलत राहिले तर चालेल ना? नाही चाललं तरी मी बोलणारच आहे, कारण मी गप्प झाले की आत ते घाबरतात. — अहो, ऐकताय ना? मी इथेच आहे, दाराबाहेर. उठू नका. कृष्णेच्या उपनद्या सांगा बघू. — हां. वेण्णा, उरमोडी, तारळी… ऐकलंत? भूगोल शिकवायचे शाळेत. घरात न्हाणीघर कुठे आहे ते विसरतात, पण कृष्णेला कोण कुठे मिळतं ते झोपेतून उठवून विचारा. अगदी दाराला टेकून बसलेत, चपला घालायच्या स्टुलावर, आवाज किती जवळून येतोय बघा. म्हणून तर दार फोडायचं नाही म्हटलं. दार आत गेलं तर आधी त्यांच्यावर जाईल.

तुम्ही जिन्यात विचारलंत ना, नेमकं झालं काय — मी धापा टाकत होते, धड सांगितलं नाही. मी औषधं आणायला गेले होते. परत आले, बोट लावलं, तर लाल दिवा. आकडे दाबले, लाल दिवा. फोनवर अक्षरं येतायत, अपडेट सुरू आहे, कृपया वाट पाहा. केव्हापासून वाट पाहतेय, तेवढ्यात माणूस नवीन कुलूप तयार करेल. मग त्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. त्यांनी आधी बासरी ऐकवली, मग एक मुलगी आली, म्हणे मॅडम, आमचा माणूस परवा येईल, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मी म्हटलं, अहो बाई, माझे मिस्टर आत आहेत, त्यांना काही उमजत नाही हल्ली. तर म्हणाली, मग त्यांना आतून उघडायला सांगा ना. — तिचंही बरोबरच आहे म्हणा. कुणीही तेच म्हणेल. तुम्ही ती निळी वायर तिथेच लावणार आहात का? नाही, मला काय कळतंय, सहज विचारलं.

खालच्या अभ्यासिकेतली ती पूर्वा, तिनेच तुमचा नंबर दिला. म्हणाली, काकू, मांजरी गावात एकजण आहेत, त्यांचा एक ग्रुप आहे, कंपनीने अपडेट पाठवून ज्या वस्तू बंद पाडल्या त्या हे लोक पुन्हा चालू करतात, हौस म्हणून. तिच्या मामांचा टीव्ही म्हणे तुम्हीच जिवंत केलात. मला आधी खरं वाटलं नाही. आमच्या वेळी वस्तू बिघडायची, आपल्या हाताने बिघडायची. आता कंपनी लांब बसून बिघडवते आणि वर लिहिते, तुमचा अनुभव अधिक चांगला केला आहे. — हं, म्हणजे अर्ध्यात अडकलंय? जुनं पुसलं गेलं आणि नवीन पूर्ण आलं नाही? कळलं. म्हणजे कुलपाची आणि यांची अवस्था एकच. हसू नका, मलाच हसू येत नाहीये.

अहो, आता भीमेच्या सांगा. — नाही हो, मी आहे, कुठे गेले नाही. भीमेच्या. इंद्रायणी… हां, पुढे? — छान. मुळा-मुठा, घोड, नीरा. सावकाश सांगा, घाई नाहीये.

साधी चावी? आहे ना. कुलपाबरोबर दोन आल्या होत्या, दोन्ही देवघराच्या ड्रॉवरमध्ये आहेत, कुंकवाच्या डबीशेजारी. तुम्ही असे बघू नका. मला कळतंय, आणीबाणीची चावी घरात कोंडून ठेवणारी बाई म्हणजे धन्यच. एक समोर असायची, यमुनाबाईंकडे. तीस वर्षं आमच्या घराची चावी त्यांच्याकडे आणि त्यांची आमच्याकडे, इथे सगळ्या मजल्यांवर तसंच असतं. मीच परत मागून घेतली. काही कारण नाही, तसंच. — आता त्या दाराच्या भिंगातून बघतायत, मला माहीत आहे. बघू देत.

अग्निशमनवाले? हे तुम्ही दुसऱ्यांदा विचारताय. नको म्हटलं ना. ते येणार, घंटा वाजवत, कुऱ्हाडी घेऊन, अख्खी सदाशिव पेठ खाली गोळा होणार, हे आत घाबरून कुठे जाऊन लपतील देव जाणे. आणि मग ते विचारणार — ते काय विचारणार ते जाऊ दे. गॅलरीला जाळी आहे, खिडक्यांना जाळी आहे, तिथून कुणी जाणार नाही. सगळीकडे जाळ्या लावून घेतल्या आम्ही, चोर येऊ नयेत म्हणून.

काय दिसलं? कुठे, स्क्रीनवर? — हो. हो, ते मीच लावलंय. म्हणजे आमोदने लावलं, माझ्या मुलाने, तो राहतो तिकडून, फोनवरून, पण मी सांगितलं म्हणून. आतली मूठ चालत नाही. अ‍ॅपमध्ये तशी सोय आहे, लहान मुलांसाठी. फिरवली तरी दार उघडत नाही, नुसती फिरत राहते. आता कळलं ना, चावी का परत घेतली? यमुनाबाई अधूनमधून डोकावायच्या, वाटी द्यायला, वाटी न्यायला. त्यांनी एकदा यांना मूठ फिरवताना पाहिलं असतं. ते फिरवत बसतात हो. मी घरात असतानाही. मी पोळ्या लाटत असते आणि मागे तो आवाज.

मागल्या उन्हाळ्यात हे अनवाणी निघून गेले. स्वारगेटला बसमध्ये बसले आणि थेट लोणी काळभोर. नदी बघायला. तिथे गेनबा म्हणून एक शेतकरी भेटला, त्याने सावलीत बसवलं, भाकरी खाऊ घातली आणि खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर लावला. म्हणाला, मास्तर हितं हायती, झ्याक हायती, तुमी निवांत या. मी रिक्षातून जाताना सगळ्या देवांना काय काय कबूल केलं, ते मलाही आठवत नाही. पायाला फोड आले होते हो त्यांच्या, एवढाले. मग मी काय करायला हवं होतं? तुम्हीच सांगा. दिवसभर त्यांचा हात धरून बसायचं? बसले की. बसतेच आहे.

तुम्ही पिशवीकडे बघताय. औषधं नाहीत तिच्यात, बरोबर. मी सिनेमाला गेले होते. सकाळच्या खेळाला, एकटी. कोणता सिनेमा ते विचारू नका, दिवे गेले आणि मी झोपले. झोपायलाच जाते मी तिथे. तिकीट काढून झोपते, एसी असतो, मागची रांग रिकामी असते, कुणी कपाट उघडत नाही, कुणी मला विचारत नाही की बाई तुम्ही कुणाकडे आलात. घरी हे रात्री मला डोळा लागू देत नाहीत. सकाळी फार बोलले मी त्यांना. दूध सांडलं म्हणून. रागातच निघाले. मग तिथे अंधारात फोन थरथरायला लागला, अपडेट आलं आहे, आत्ता करू की नंतर, आत्ता करू की नंतर — दोन दिवस डोकं खात होता. झोपेत दाबलं मी, आत्ता. गप्प बस म्हणून दाबलं.

— जुनं मिळालं? मिळालं ना? कंपनीने काढून टाकलेलं आणि तुमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी जपून ठेवलेलं, कमाल आहे तुमची. मग टाका की. थांबलात का? — सांगा ना स्पष्ट. — म्हणजे ही सोय यायच्या आधीचं आहे ते. म्हणजे आतली मूठ चालणार. त्यांनी फिरवली की दार उघडणार. आणि पुन्हा नवीन टाकलं तर पुन्हा हेच होईल. — दुसऱ्या कुणाकडे नाहीये का? मधलं एखादं, ज्यात ते बंद करता येतं असं? विचारा ना ग्रुपवर. संध्याकाळपर्यंत कळेल म्हणताय? मग थांबू या संध्याकाळपर्यंत.

हो, ऐकलंत तेच. थांबू या. ते बसलेत ना शांत, नद्या सांगतायत. आतापर्यंत बसलेत, आणखी थोडा वेळ बसतील. — असे बघू नका माझ्याकडे. तुम्ही जाल मांजरीला. कुलूप दुरुस्त झालं, ग्रुपवर फोटो टाकाल, सगळे अंगठे दाखवतील. मी इथे राहणार आहे. रात्री हे दार उघडून ते जिना उतरतील आणि मला जाग आली नाही तर? मी दमलेय, पियुष. मला जाग येणार नाही. मला भीती त्यांच्या जाण्याची नाही हो, मला झोप लागेल याची भीती आहे.

— अहो? अहो, भीमेची शेवटची राहिली. सीना झाली, माण झाली? — अहो.

उठले वाटतं. पावलं… आत गेले. तुम्हीही ऐका ना, कान लावा. अहो, इकडे या, दाराशी या, गोदावरीच्या राहिल्यात. — तो आवाज कसला? खट्. पुन्हा. लायटर आहे तो. गॅसचा लायटर. ते ओट्यापाशी आहेत. मी खालचा कॉक बंद करते निघताना, रोज करते, हात आपोआप जातो. आज केला का? दूध सांडलं, मी फडकं आपटलं, चप्पल घातली… आठवत नाही मला. आठवत नाही. पियुष, टाका. जुनं टाका, असेल ते टाका. मूठ चालू दे, काहीही चालू दे. टाका म्हणते ना.

किती झालं? ही पट्टी एवढी हळू का सरकतेय? वास येतोय का हो तुम्हाला? मला काही कळत नाहीये, माझं नाक गेलंय. यमुनाबाई, या बाहेर, लपून काय बघताय — तुमचं नाक चांगलं आहे, येतोय वास? नाही? नक्की नाही? खट्. अजून करतायत. अहो, ठेवा तो लायटर. मी आले, मी आलेच, ठेवा. बेल वाजवू का? नको, बेल नको, ठिणगी — काय ते, नको. मी ओरडले त्यांच्यावर सकाळी, आणि ते चहा करतायत. पाहुणे आले की तेच करायचे चहा, नेहमी, मी माणसांशी बोलत बसायचे आणि हे आत. बाहेर कुणीतरी आलंय एवढं कळलंय त्यांना.

हिरवा? हिरवा झाला? ढकलू? — थांबा. थांबा, हात काढा. मूठ फिरतेय. आतून.

— हो. मीच. मंदाकिनी. हो, उघडलंत तुम्ही, तुम्हीच उघडलंत. सरका जरा, मला आधी ओट्यापाशी जाऊ द्या, कप सांभाळा, सांडेल…

बंद आहे. कॉक बंद आहे, पियुष. केला होता मी. रागात होते, तरी केला होता.

घ्या ना तो कप. ते उभे आहेत हात पुढे करून. थंड आहे, दिसतंय मला, नळाचं पाणी आणि वर तरंगणारी पत्ती. तरी प्या. तुमच्यासाठी केलाय. — प्यायलात? सगळा? आता छान झालाय म्हणा त्यांना. — बरं.

या आता तुम्ही. वायरी गोळा करा, हेल्मेट विसरू नका, जिन्यात अंधार आहे. यमुनाबाई, तुम्ही थांबा, तुम्हाला चावी द्यायचीय. — नाही पियुष, दार ओढू नका. राहू दे तसंच. त्यांना नदीवर जायचंय, मी चप्पल घालतेय त्यांना.