कुलवृत्तांताच्या दोन प्रती

परमुलखात, झोटवाड्याला निघालेल्या बसमध्ये पुढच्या बाकावरून मराठी कानी पडताच अभिजितने हातातले पुस्तक मिटले. एक वृद्ध गृहस्थ थकल्या आवाजात पत्नीची समजूत घालत होते.

“कॉम्प्युटरची डिस्क बिघडली, दुकानदाराने नवी बसवली. विषय संपला.”

“आणि अकरा वर्षं जमवलेला तुमचा कुलवृत्तांत?”

“सुरक्षित आहे. एक प्रत सी ड्राइव्हमध्ये, दुसरी डीमध्ये. मी काय इतका अजागळ आहे?”

“हा डी असतो कुठे?”

“त्याच डिस्कवर. एका कपाटाचे दोन कप्पे समज.”

“आणि कपाट?”

“दुकानातच सोडलं. बिघडलेलं घरी आणून काय करायचं?”

“अहो, मग दुसरा कप्पा तरी घरी कसा येईल?”

“अरे देवा! म्हणजे दोन्ही प्रती गेल्या.”

“पुन्हा लिहून काढा.”

“कोणाला विचारून? चिपळूणची आत्या गेली, अण्णा गेले. सांगणारं आता कोण उरलंय?”

“मग परत जाऊ. त्याने भंगारात टाकायच्या आत मागून घेऊ.”

“माझ्यात त्राण नाही गं आता.”

“मग मी एकटी जाते.”

अभिजित उठला आणि कंडक्टरला म्हणाला, “भैया, जरा रोकना. हम तीनों उतरेंगे.”