वर गेलेला गॅस

...नाही, पण गेला कुठं? एवढंच तर विचारत होतो मी! तुम्हाला सांगतो, अठ्ठ्याण्णव साली आमच्या मखमलाबादच्या घरी फ्रीज आला, मोगऱ्याच्या कळ्यांसाठी हो, पंचवटीच्या बाजारात कोमेजलेल्या कळीला कोण विचारतंय? आमच्या हिनं, मालननं, त्याला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, आणि पहिल्याच उन्हाळ्यात बर्फात चिकटलेला ट्रे निघेना म्हणून आत उलथणं खुपसलं... फुस्स!

देवराम मेकॅनिकनं आत डोकं घातलं. "आप्पा, आतली नळी फुटली, गार करायचा गॅस गेला."

"गेला म्हणजे? कुठं गेला?"

त्यानं बोट छताकडं केलं. "वर." कुणी वारल्याचं सांगावं तसं! नवा गॅस भरला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बर्फ, पुन्हा उलथणं, पुन्हा फुस्स! आणि ही म्हणते, "पण ट्रे निघाला ना?" गेला कुठं? वर!

मग गल्लीत घरोघर फ्रीज आले. उलथणी तर होतीच! दुपारी ओट्यावर बसावं तर कुठूनतरी फुस्स, की आलीच देवरामची लूना...

आमची लेक निकिता कॉलेजात शिकून आली आणि म्हणाली, "आप्पा, तो वर जाऊन संपत नाही. तिथंच राहतो, धग अडवून धरतो. माझी नातवंडं म्हातारी होईपर्यंत."

झालं! तेव्हापासून मान वर करायची भीती वाटते. दिसत काहीच नाही, हेच तर वाईट! आमचं फुस्स वर बसून आमच्याकडंच बघतंय... अहो, नाशकात कधी उन्हाळ्याला पंखा लागत नव्हता, आता कळी तोडता तोडता हातात मलूल होते. मालन म्हणते, "ऊन वाढलंय, फ्रीज आणखी थंड करा." आणखी थंड, आणखी बर्फ, आणखी उलथणं! आणि गेला कुठं?

यंदा निकिताचं लग्न झालं, मालेगावला दिली. "आप्पा, फ्रीज नको हं," म्हणाली. मला तरी कुठं हवा होता? पण तिकडचं ऊन... आमच्या फुस्सखाली पोर जन्म काढणार, आणि दूध कशात ठेवणार? घेतला. रुखवतात मांडला. तिला बजावलं, "बर्फ आपोआप वितळू दे, खुपसायचं काही नाही." तिनं मान डोलावली. जरा जीव भांड्यात पडला, वळून बघतो तर मालन फ्रीजवर भांडी मांडतेय, सगळ्यांत पुढं लाल रिबीन बांधलेलं नवं कोरं स्टीलचं उलथणं!

"अगं, हे कशाला?"

"संसाराला लागतं."

वर बघून हात जोडले. वऱ्हाडी म्हणाले, बाप किती देवभोळा!