मावशीने राखून ठेवलेलं कीटण

अमेरिकेतल्या डलूथच्या दंतचिकित्सालयाबाहेर सरोवरावर इतकं दाट धुकं होतं, की प्रतीक्षागृहाच्या खिडकीशी बसलेल्या निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञ हॉलबर्ग यांना पलीकडचा किनारा केवळ तर्काने मान्य करावा लागत होता. शेजारी एक तरुणी आणि तिची मावशी बोलत होत्या.

“सिग्ने, दंतस्वच्छतेच्या शिक्षणाचा अर्ज भरलास?”

“नाही गं मावशी. बेकरीतली नोकरी काय वाईट आहे?”

“मग तोंडात दिवा धरला की गुहेत चांदणं पडल्यासारखं दिसतं, हे कोण म्हणत होतं?”

“ते स्वप्नातलं. शेवटच्या परीक्षेला पेशंट आपणच न्यायचा असतो. दातांवर भरपूर कीटण असलेला. तो कुठून आणू?”

“मी काय मेलेय?”

“म्हणजे?”

“तू पहिल्यांदा हे बोललीस, तेव्हापासून मी दात साफ करून घेतलेले नाहीत. राखून ठेवलंय सगळं. तुला शिकायचंच नसेल, तर आज काढून टाकते.”

आतून हाक आली. “मिसेस टोर्गरसन, दात साफ करायला या.”

“बोल बाई. जाऊ, का थांबू?”

सिग्नेने मावशीची पर्स आपल्या मांडीवर घेतली.

“जा.”

“बरं.” मावशी सावकाश उठली.

“मावशी, परीक्षा दोन वर्षांनी असते. तोवर पुन्हा साठेल.”