कळसावर शेड

आमचं गाव पोलादपूरच्या वर डोंगरात, बापाची नाचणी-वरीची शेती, त्यात कोणाचं पोट भरलं नाय, म्हणून मी मुंबईला गोदीत गेलो नि पत्रा वाकवायला शिकलो. मंग महाडला एमआयडीसी वाढली तसा परत आलो, वर्कशॉप टाकलं. केमिकलवाल्यांच्या टाक्या, पाइप, हेच काम. साहेब यायचे, टाकी गोल हाय का बघायचे, गोल नाय तर काय चौकोनी करणार होतो मी? असली अक्कल. पण जन्मभर टाक्याच केल्या, हात लावून ही माझी म्हणावं असं काय नव्हतं.

तर ते रंगमंदिराचं छप्पर. नव्वद सरता सरता महाडला रंगमंदिराची कमिटी झाली, कमिटी म्हणजे अध्यक्ष भाऊशेठ, सिमेंटचे व्यापारी, नि त्यांच्या होला हो करणारे बाकीचे. भाऊशेठनी उभ्या जन्मात एक नाटक शेवटपर्यंत बघितलं नाय, पहिल्या रांगेत बसायचं, हार घालून घ्यायचा नि निघायचं. नकाशाचं काम त्यांनी एका मॅडमना दिलं, इथल्याच मास्तरांची मुलगी, पुण्याला शिकलेली, नि मॅडमनी पत्र्याचं मला.

एक दिवस मॅडम आमच्या अंगणात आल्या, बोलल्या, भाताची पेज हाय का? आमच्या मंडळीला वाटलं प्यायला पायजे, तिनं मीठ घालून आणली. तर मॅडमनी त्यात पंचा बुडवला नि चार खुंट्यांना सैल टांगून उन्हात ठेवला. मंडळी बोलते, अवो, माणसं सोडून फडक्याला काय पेज पाजताय? वाळून कडक झाल्यावर मॅडमनी तो उलटा धरला नि मी बघतच राहिलो. छप्पर! कुठं फुगलेलं, कुठं कललेलं, एक कोपरा खाली लवलेला, सरळ रेघ म्हणून कुठं नाय. बोलल्या, होईल का पत्र्यात? मी बोललो, होईल. कसं होईल ते मलाबी ठाव नव्हतं, पण हे माझ्याच हातनं व्हायला पायजे असं वाटलं, खोटं कशाला सांगू.

वर्कशॉपच्या मागं जमिनीवर चुन्यानं रेघा मारल्या, सांगाड्याचा एकेक पाइप त्या रेघेवर वाकवला, एकासारखा दुसरा नाय. पत्र्याच्या अरुंद पट्ट्या केल्या, रुंद पत्रा दोन्ही अंगांनी वळत नाय, चुणी पडते. पट्टीची कड पट्टीत दुमडून बसवली, डब्याच्या बुडासारखी, सबंध छपराला वरून एक भोक नाय. महाडचा एक अख्खा पावसाळा काढला त्यानं, आत थेंब नाय आला.

उद्घाटनाला भाऊशेठ वर बघून बोलले, याचं डोकं कुठाय? मनात बोललो, ज्याला पायजे त्यालाच नाय, तर छपराला कुठनं आणू. बोलले, कळस पायजे, कळसाबिगर शेड वाटते. शेड! काय सांगू तुम्हाला, एवढं करून शेड! मॅडमनी हात जोडून सांगितलं, वरून भोक पाडू नका. त्या पुण्याला गेल्या, तसा या लोकांनी दुसरा कोण धरून पितळी कळस बसवला, माझ्या पत्र्यातनं बोल्ट घालून.

पुढच्या पावसात बरोब्बर स्टेजवर धार, नाटकातल्या राजाच्या मुकुटावर. नि बाजारात काय बोलतात, तर या टाकीवाल्याचं छप्पर गळतं. मी गेलो कमिटीपुढं, बोललो, कळस उतरवा, भोकं मी बुजवतो. तर बोलतात, बसवलेला कळस काढत नाय, पाप लागतं. छपराला भोकं पाडताना नाय लागलं पाप! मंग आपल्याकडं स्लॅब गळला की करतात तेच यांनी ठरवलं, वरून शेड. सरळ, दोन्हीकडं उतार, निळा पत्रा. छपरावर छप्पर. हसा, हसा तुम्ही.

नि काम कोणाला, तर मला. मॅडमना फोन केला तर त्या रडल्या, बोलल्या, तुम्ही नका करू, दुसरा करील. मंडळीबी तेच बोलली, तुम्ही नका हात लावू. पण दुसरा काय करणार ते ठाव होतं मला, खांब सरळ माझ्या छपरात रोवणार, आडवं येईल तिथं कापणार. म्हणून मी घेतलं. सगळे खांब बाहेरनं जमिनीतनं उचलले, माझ्या छपरावर काय टेकू दिलं नाय. कळस तसाच मधे, वटवाघळांना दर्शन. शेवटचा पत्रा दुसऱ्या कोणाला लावू दिला नाय, मीच लावला, नि खाली माझ्या छपरावर अंधार झाला. भाऊशेठ बोलले, आता कसं, रंगमंदिरासारखं दिसतंय.

आता वर्कशॉप जावई बघतो. रिक्षावालेबी निळी शेड बोलतात रंगमंदिराला, मी काय कोणाला सांगत नाय. देव कमिटीचं भलं करो, त्यांच्या नशिबी शेडच राहो. पाऊस तिला झोडपतो. माझं छप्पर खाली कोरडं हाय.