कोयता आत, मोबाइल बाहेर

सभागृह कुठलं ते नाही सांगत, उगाच लफडं नको. पण आमच्या पोशेऱ्याच्या काशिनाथकाकांनी तिथे काय केलं ते ऐका. मागच्या बैठकीत सभापती बोलून गेले, "तुमच्या पाड्याला विहीर देतो." काकांनी ते मोबाइलमध्ये रेकॉर्ड केलं. लगेच या बैठकीत नियम बदलायचा ठराव आला: बघायला येणाऱ्यांनी गप्प बसायचं आणि मोबाइल दारात जमा करायचा. ठराव अकराला मांडायचा होता, दारावर 'मोबाइल जमा करा' अशी पाटी मात्र दहालाच लागलेली!

मी म्हटलं, "काका, काहीतरी शिजतंय."

काकांनी कमरेचा कोयता काढून दारावरच्या शिपायाच्या टेबलावर ठेवला. आपल्याकडे शेतावरचा माणूस कोयत्याशिवाय घराबाहेर पडतो का?

शिपाई म्हणाला, "कोयता राहू द्या हो, त्याचं काही लिहिलेलं नाही. मोबाइल काढा."

काकांनी कोयता परत कमरेला अडकवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना कोयत्याचं भ्या नाही, मोबाइलचं आहे. गेली रे आपली विहीर."