बाहुलीचा बाप्तिस्मा

आई : ते कळलं हो, की पोरगी आत कडी लावून बसलीय. पण का? मी दिवसभर दवाखान्यात उभी राहून आलेय, मला पाय धुवायचेत. आणि तुम्ही पुस्तक काखेत मारून बाथरूमच्या दाराशी कसले उभे?

बाबा : हळू बोल. माझ्यावर रुसलीय ती.

आई : काय केलंत?

बाबा : तिची बाहुली नेली होती आज कॉलेजात. बाप्तिस्म्याचा सराव होता. पाळक व्हायचं तर प्रत्येकाला करून दाखवावा लागतो. खरं बाळ कोण देणार आमच्या हातात?

आई : शहाणे आहेत लोक. मग? पाडलीत?

बाबा : छे! तळहाताच्या फोडासारखी जपली.

लेक (आतून) : नाव बदललं माझ्या गोटीचं! सगळ्यांसमोर! शेजारच्या काकांनी सांगितलं मला. हसत होते ते.

बाबा : बघ, माझ्याच वर्गात आहे, पण या माणसाच्या पोटात काही राहत नाही. उद्या हा पाळक होणार आणि लोक याला मनातलं सांगणार!

आई : विषय बदलू नका. नाव कसं बदललंत?

बाबा : अगं, हातात पाणी घेतलं, समोर सगळा वर्ग. सर म्हणाले, 'या बाळाचं नाव काय?' माझी बोबडीच वळली. काही केल्या आठवेना.

आई : मग काय ठेवलंत?

बाबा : जाऊ दे ना आता.

लेक : तुझं नाव ठेवलंय त्याने, आई!

आई : माझं?

बाबा : तेवढंच आलं तोंडात.

आई : अगंबाई! सरांसमोर?

बाबा : सर? एवढंच म्हणाले, पाणी जरा बेताने घ्या. इतकी वर्षं नळ दुरुस्त करण्यात गेली, हात सैल सुटतो माझा.

आई : लग्न झाल्यापासून मला एकदा तरी नावाने हाक मारलीत? सदा आपलं 'अगं' नाहीतर 'ऐकलंस का'. आणि बाहुलीला मात्र...

लेक : आई, तू हसतेयस! तू कुणाच्या बाजूने आहेस?

आई : तुझ्याच, तुझ्याच. हसत नाहीये मी. खोकला आला. अहो, काढा ना तिची समजूत.

बाबा : सोनुल्या, तो खोटा खोटा होता गं. नुसता सराव.

लेक : देवबापाचं नाव घेतलंस ना?

बाबा : घेतलं.

लेक : देवाचं नाव खोटं खोटं घ्यायचं नाही. तूच सांगतोस.

आई : घ्या. द्या आता उत्तर.

बाबा : बरं, मग पुन्हा करू. गोटी नावाने. आत्ताच्या आत्ता.

लेक : बाप्तिस्मा एकदाच होतो. तेपण तूच सांगतोस.

बाबा : उद्या माझ्याऐवजी हिलाच बसवा पेपरला.

लेक : मला हसायचं नाहीये, बाबा. तुला नाव आठवलंच कसं नाही? रोज झोपताना मी म्हणते, गोटीला बाय कर. तू 'हं' म्हणतोस.

बाबा : 'हं' म्हणतो खरा.

आई : डोकं पुस्तकात. बाहुलीला गोटी नाव कुणावरून ठेवलं, ते तरी आठवतंय का?

बाबा : जुन्या घरासमोरच्या शिंप्याची मुलगी. माझ्या कॉलेजसाठी आपण इकडे निघालो तेव्हा सामानाच्या गाडीमागे कोपऱ्यापर्यंत पळत आली होती. एका पायात चप्पल होती, एका पायात नव्हती. सगळं आठवतंय आता. वर्गात मात्र काहीच आठवलं नाही. चुकलं माझं, राणी.

लेक : हं.

बाबा : बघ, आणि इथेही झाल्याच आहेत की तुला मैत्रिणी. ती वर्गात तुझ्या शेजारी बसते ती, काय बरं नाव तिचं...

लेक : सांग.

बाबा : थांब हं. अगदी जिभेवर आहे.

लेक : नाहीये जिभेवर. तिथे कुणीच बसत नाही. मी एकटीच बसते.

आई : अगं! मला कधी बोलली नाहीस ती?

लेक : तू दमून येतेस. बाबाचा अभ्यास असतो. मी गोटीला सांगते सगळं. आता ती गोटी नाहीये. तिला तुझ्या नावाने कसं सांगू? मला तुझ्याशीच बोलल्यासारखं वाटतं आणि मग रडू येतं.

आई : काढ गं कडी, बाळा.

बाबा : ऐक ना. तुला शाळेत वेगळं नाव आहे की नाही? त्या नावाने घरात कोण हाक मारतं तुला?

लेक : तू. रागावलास की.

बाबा : म्हणजे एरवी कुणी नाही. तिचंही तसंच. बाप्तिस्म्याचं नाव आईचं असू दे. हाक मारायची ती गोटी.

लेक : चालतं असं?

बाबा : सरांना विचारून येतो.

लेक : नको! काका परत हसतील. चालतं. पण तिचे केस अजून ओले आहेत. तिला सर्दी झाली तर?

आई : दे इकडे, मी पुसते. आली बाहेर माझी बाय! अहो, तुम्ही कुठे आत चाललात? खाली ओलं आहे, बसू नका तिथे.

बाबा : असू दे. ये, इथेच बस माझ्याजवळ. शाळेतलं काय काय सांगतेस तू गोटीला? मला सांग.

लेक : सगळं?

बाबा : सगळं.

लेक : बरंच आहे. आणि उद्या तुझा हिब्रूचा पेपर आहे.

बाबा : आहे. डबा कुठे बसून खातेस?

लेक : जिन्यात.

आई : सरका जरा दोघं. मलाही बसू दे.